नऊ वर्षं अडलेला निरोप

पेनायाचं ईस्टरचं प्रवचन चौदा पानांचं झालं होतं, आणि बाबांनी ते तिसऱ्यांदा परत केलं.

"छान आहे," आसोरा म्हणाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आसोरा वाइमोआच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं पाळक होते. आता छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना उभं राहून बोलायला बंदी केली होती. भिंती नसलेल्या उघड्या घराच्या खांबाला पाठ टेकून, पाय पसरून ते बसले होते. "अक्षर तर फारच सुरेख आहे."

"अक्षराचं नका सांगू, बाबा. मजकूर कसा आहे?"

"मजकुरात सगळं आहे. ग्रीक शब्द आहेत, यरुशलेमची हवा आहे, थडग्यावरच्या धोंड्याचं वजनसुद्धा तू काढलंयस. फक्त बातमी सापडली नाही मला."

"बातमी?"

"अरे, प्रवचन म्हणजे काय? कोणीतरी धावत येतो आणि ओरडून सांगतो, असं असं झालंय. लोक मग आपापलं बघतात काय करायचं ते. तुझा माणूस धावतच नाही. खुर्ची ओढून बसतो आणि नकाशा उलगडतो."

पेनाया राजधानीत, आपियाला, जमीन-मोजणी कचेरीत कामाला होता. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात नकाशा उलगडण्यावरून त्याला कोणी बोललं नव्हतं. गावचे सध्याचे पाळक बायकोच्या बाळंतपणासाठी आपियाला अडकले, म्हणून ईस्टरचं व्यासपीठ त्याच्याकडे आलं होतं. आसोरांचा मुलगा बोलणार म्हणून सगळं गाव कान टवकारून बसलं होतं. त्यानं पानं गोळा केली.

मागच्या स्वयंपाकखोपीतून नारळ खवण्याचा आवाज थांबला. "पेनाया!" लुपेसिनाचा आवाज आला. ती भावंडांत सगळ्यात मोठी. बायकांच्या मंडळाची प्रमुख, गायकवृंदाची प्रमुख, आणि खरं सांगायचं तर बाकी सगळ्यांचीही प्रमुख. "चौदा पानं वाचलीस तर भट्टीतल्या डुकराचा कोळसा होईल, आधीच सांगून ठेवते! सात कर!"

"ताई, ही काय तारोची पानं आहेत का, अर्धी काढायला?"

"तारोची असती तर पोटात तरी गेली असती!"

आसोरा खुदकन हसले. पेनायाही हसला असता. पण सकाळपासून त्याच्या डोक्यात वेगळंच काही होतं, आणि त्याचा प्रवचनाशी काही संबंध नव्हता. सकाळी धाकट्या भावाचा, एनेलिकोचा फोन आला होता.

"दादा, मी आपियात उतरलोय. संध्याकाळच्या बोटीनं सावाईला, गावी येतो. उद्या पहाटे घरासमोर बसणार. मानाची चटई आणलीये."

"कोणाची?"

"ऑकलंडच्या मावशीची. जरा लहान आहे."

"एने, उद्या ईस्टर आहे."

"म्हणूनच. उद्या तरी बाबा चिडणार नाहीत."

नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी एनेलिकोनं मित्रांबरोबर चार बाटल्या रिकाम्या करून भट्टी पेटवली आणि शेजारीच झोपून गेला. वारा सुटला. आधी स्वयंपाकखोपी गेली, मग घर. माणूस कोणी भाजलं नाही. पण बाबांच्या चाळीस वर्षांच्या प्रवचनांच्या वह्या, आईनं विणलेल्या चटया आणि आईचा एकुलता एक फोटो, सगळं गेलं. आई जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. साऱ्या गावासमोर बाबा ओरडले होते, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस!" बाबांना ओरडताना पेनायानं त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं एने गेला तो गेलाच. पुढे ऑकलंडला त्यानं मोमोएशी लग्न केलं, त्यांना मुलगी झाली. दर नाताळला खोकं भरून कपडे यायचे. बाबा ते कपडे घालायचे आणि काही बोलायचे नाहीत.

ते न बोलणं म्हणजे राग, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

"बाबा," पेनाया म्हणाला.

"हं?"

"नववं पान जरा बदलतो."

आणि तो उठला.

*

लुपेसिना उजाडता उजाडता झाडू घेऊन बाहेर आली. ईस्टरच्या सकाळी अंगणातल्या खडीवर एकसुद्धा पान दिसता कामा नये, हा तिचा नियम होता. पान नव्हतं. घरासमोर एक डोंगर होता.

डोंगरावर मऊ, पिवळसर, लाल पिसांच्या काठाची चटई पांघरलेली होती. डोक्यापासून जेमतेम कमरेपर्यंत ती पुरली होती. खाली काळी लुंगी आणि दोन मोठे पाय. त्या पायांशी शेजारचं कुत्रं अंग मुडपून निवांत पडलं होतं. चटई घेऊन कोणाच्या दारात बसायचं म्हणजे आपला गुन्हा कबूल करायचा. घरच्यांनी येऊन चटई उचलली तर क्षमा. नाही उचलली, तर बसायचं, ऊन डोक्यावर येईपर्यंत, त्याच्याही पुढे.

लुपेसिनाच्या हातातला झाडू खाली आला. ते पाय तिच्या ओळखीचे होते. लहानपणी तिनंच ते धुतले होते.

"ऊठ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "ऊठ आणि जा. बाबा झोपलेत."

चटई हलली. "ताई?"

"मी नाही."

"तूच आहेस."

"मी कोणीही असेन! बाबांची छाती बरी नाही. तुला बघून काही झालं तर? नंतर ये. मी कळवीन."

"नऊ वर्षं झाली, ताई. कधी कळवणार?"

रस्त्यापलीकडून खोकल्याचा आवाज आला. पेपे म्हातारी आपल्या घरात ताठ बसून होती, अंगावर चर्चचे पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. इतक्या पहाटे टोपी घालून बसायचं दुसरं काही कारण नव्हतं. तिला समोरचं नीट बघायचं होतं.

"चटई लहान पडतेय गं!" पेपे ओरडली. "पोरगं केवढं झालंय! काय खायला घालतात तिकडे?"

"पेपेमावशी, प्रार्थना करा!"

"करतेच आहे! डोळे उघडे ठेवून!"

पेनाया बाहेर आला तो अर्ध्या चेहऱ्यावर दाढीचा साबण घेऊन. त्यानं डोंगराकडे पाहिलं आणि त्याला आश्चर्य वाटलं नाही. लुपेसिनाच्या ते बरोबर लक्षात आलं.

"तुला माहीत होतं!"

"काल कळलं."

"काल! आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू रात्रीच बोटीच्या धक्क्यावर जाऊन त्याला परत पाठवलं असतंस."

"मग काय चुकलं असतं त्यात?"

पन्नास वर्षं पेनायानं ताईचं ऐकलं होतं. शाळेचा गणवेश, बायको, छपराचा रंग, सगळं तिच्या पसंतीनं. साबणाचा एक थेंब त्याच्या हनुवटीवरून खडीवर पडला. "चुकलं असतं," तो म्हणाला. "तो बसू दे, ताई."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हे पेनाया बोलला? आणि वर तो डोंगराच्या बाजूला जाऊन उभा राहिला, हाताची घडी घालून, जणू मोजणीचा दगडच रोवला.

चर्चची पहिली घंटा झाली. गावची घंटा म्हणजे झाडाला टांगलेली गॅसची जुनी टाकी. तिच्यावर लोखंडी सळई मारली की मेलेलाही उठून बसेल. आसोरा तर नुसतेच झोपलेले होते.

ते बाहेर आले. खांबाला धरून उभे राहिले. आधी कुत्रं पाहिलं, मग पाय, मग चटई.

"कोण आहे?"

चटईखालून घोगरा आवाज आला, "मी, बाबा. एने."

आसोरांचा हात खांबावरून घसरला. ते पायरी उतरायला लागले, चप्पल न घालता, काठी न घेता. लुपेसिना धावत आडवी गेली. "बाबा, थांबा! डॉक्टरांनी सांगितलंय, दगदग नको. तुम्ही आत बसा, मी बघते. मी बोलते त्याच्याशी."

"नऊ वर्षं थांबलोच आहे, पोरी. बाजूला हो. निरोप पाठवला, रोज वाट पाहिली. त्याला यायचं नव्हतं, नाही आला. आज आलाय."

मग चटईतून आवाज आला:

"कसला निरोप?"

आसोरा थबकले. त्यांनी चटईकडे पाहिलं, मग लुपेसिनाकडे. पेनायानंही पाहिलं. पेपेनं टोपीची कड वर केली. कुत्र्यानंसुद्धा डोकं उचललं.

लुपेसिनाचे कान गरम झाले. आगीनंतर आठवडाभरानं ती ऑकलंडला गेली होती, मावशीकडे. जायचं ठरलं तेव्हाच बाबांनी तिचा हात धरून चार वाक्यं सांगितली होती आणि तिच्याकडून घोकून घेतली होती. विमानात ती वाक्यं तिच्या तोंडात खड्यासारखी होती. राख तिनं चाळली होती. आईचा कासवाच्या पाठीचा कंगवा शोधत तीन दिवस गुडघ्यांवर बसून तिनं राख चाळली, आणि हाती लागले ते फक्त त्याचे चार दात. आणि ज्यानं जाळलं त्याच्यासाठी चार गोड वाक्यं! मावशीच्या घरी एने मान खाली घालून समोर बसला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा बरे आहेत." बस. परत आल्यावर बाबांनी विचारलं, "दिलास?" आणि ती म्हणाली, "दिला."

तेवढा एक शब्द. मग तो सांभाळण्यासाठी दुसरा, मग तिसरा. फोन आला की बाबा झोपलेले असायचे. एनेनं पत्रात विचारलं की काही उत्तर जायचं नाही. दर रविवारी ती गायकवृंदासमोर उभी राहून हात उंचावायची आणि चाळीस गळे तिच्या बोटांवर गायचे, आणि त्या चाळिसांत एकालाही माहीत नव्हतं.

"लुपेसिना," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तू दिला होतास ना?"

पळून जावं, एवढंच तिला सुचलं. रस्ता मोकळा होता. पण रस्त्याच्या टोकाला चर्च होतं, आणि तिथे तिच्याचसाठी लोक जमत होते. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग झाडू टाकला, खाली बसली, चटईची कड उचलली आणि रांगत आत शिरली.

"अगं बाई!" रस्त्यापलीकडून पेपे म्हणाली.

*

आत अंधार होता, आणि ताईच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास. एनेलिकोला एकदम चव्वेचाळीसचा सात झाल्यासारखं वाटलं.

"सरक," ताई म्हणाली.

"कुठे सरकू? चटई एवढीच आहे. ताई, तू इथे काय करतेयस?"

"बसलेय."

"ही माझी चटई आहे! मी गुन्हेगार आहे इथे!"

"मीपण आहे." ताईचा श्वास जोरात चालला होता. "तू घर जाळलंस. मी... एने, बाबांनी तुझ्यासाठी निरोप दिला होता. मी दिला नाही."

बाहेरून बाबांचा आवाज आला, अगदी जवळून. "मग आता दे. मी दिलेला निरोप अजून पोचला नाही, तोवर माझं काम राहिलंय. शब्द आठवतात का?"

"आठवतात," ताई म्हणाली. मग हळू आवाजात, तोंडपाठ केलेलं बोलावं तसं बोलली: "सांग त्याला, राग घराबरोबरच जळला. काही भरून द्यायचं नाही. तोंड दाखवू नकोस म्हणालो तो मी मूर्ख. जेवायला बसतो तिथे तुझी जागा तशीच आहे, तिथे कोणी बसत नाही, ये."

एनेलिकोला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "हे कधी म्हणाले?"

"आग लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी."

"तिसऱ्या दिवशी!" बाहेर पेनायादादा ओरडला. "बाबा! तिसऱ्या दिवशी?"

"तू गप्प बस रे," बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी. एने ऑकलंडला मांस-कारखान्यात नऊ वर्षं रात्रपाळी करत होता. दर रविवारी चर्चमध्ये मागे बसायचा आणि प्रभुभोजनाची ताटली आली की पुढे सरकवायचा. आपल्याला कुठलं, म्हणायचा. आज सांगायला त्यानं माफीचं लांबलचक भाषण पाठ केलं होतं. बोटीवर कोपऱ्यात उभं राहून पुटपुटत होता, तेव्हा एका बाईनं पोराला जवळ ओढून घेतलं होतं. आणि हे सगळं तिसऱ्याच दिवशी संपलेलं होतं! तो ज्या दारावर नऊ वर्षं मनातल्या मनात डोकं आपटत होता, ते दार उघडंच होतं.

त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं. त्याला वाटलं हुंदका आहे. बाहेर पडलं ते हसू. आधी फुसकन, मग गदागदा.

"काय झालं?" ताई घाबरली. "एने! हसतोयस?"

"भाषण... पाठ केलं होतं... एकवीस मिनिटांचं..."

"एकवीस?" ताईच्या घशातून चमत्कारिक आवाज आला. "तू पेनायाचाच भाऊ." आणि तीही फुटली. दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकी आपटत हसली, आणि बाहेरून बघणाऱ्यांना डोंगराला भूकंप झालेला दिसला.

मग हसता हसता एने थांबला. मोमोएचा चेहरा त्याला आठवला. "ज्या घराला नऊ वर्षांत एक शब्द बोलवला नाही, त्या घरात मी पाय ठेवणार नाही," ती म्हणाली होती आणि त्याची बॅग भरून दिली होती.

"ताई, माझी पोर सात वर्षांची आहे," तो म्हणाला. "तिनं बाबांना एकदा पाहिलं नाही. एकदाही. ते तू..."

त्याचा आवाज चिरकला. राग आला होता, खरा राग, हाताची मूठ वळेल असा. ताईनं बाजू मांडली नाही, राखेचं काही सांगितलं नाही. तिनं नुसतं डोकं खाली घातलं. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. या चटईखाली किती उकडतं ते एनेला पहाटेपासून कळत होतं. पाय किती वळतात, बाहेरच्या प्रत्येक पावलाला छाती कशी धडधडते, तेही. यातून आपल्याला कोणीतरी काढावं म्हणून तो पाण्यावरून आणि आकाशातून इतक्या लांब आला होता. तिला इथे बसवून ठेवावं, असं त्याच्यानं म्हणवेना.

"बस झालं, ताई," तो म्हणाला. "माझ्याकडून झालं. सुटलीस."

"असं लगेच?"

"मग काय, नऊ वर्षं थांबू?"

चटईची दुसरी कड वर झाली. उजेड आला, आणि उजेडाबरोबर एक सुरकुतलेला पाय.

"सरका जरा," बाबा म्हणाले.

"बाबा! तुम्ही कशाला?"

"मी गावासमोर पोराला हाकललं. आणि नऊ वर्षं पोरीच्या एका शब्दावर बसून राहिलो, स्वतः उठून बोटीत बसलो नाही. सरका."

चटई आता कोणालाच पुरेना. तिघांची डोकी तेवढी झाकली होती. एनेच्या गालाला बाबांचा न दाढी केलेला गाल लागला, आणि बाबांनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बाबांचं शरीर थरथरत होतं; रडत होते की हसत होते ते एनेला कळलं नाही, आणि त्यानं विचारलंही नाही.

रस्त्यापलीकडे पेपे म्हातारी उभी राहिली होती. "अहो!" ती ओरडली. "सगळेच आत गेलात, मग चटई उचलणार कोण? घरात एक पेनायाच उरलाय!"

*

पेनायानं चटई उचलली. अर्ध्या गालावर वाळलेला साबण, कमरेला टॉवेल. आयुष्यात त्यानं शेकडो जमिनींच्या हद्दी ठरवल्या होत्या, पण आपल्या हातून असं काही घडेल असं त्याला वाटलं नव्हतं. चटई हलकी होती, धरली की रेशमासारखी घसरत होती. खाली तीन डोकी, तिन्हींचे केस विस्कटलेले, तिघं उन्हाकडे डोळे मिचकावत बघणारे. त्याला म्हणायचे शब्द माहीत होते, वडील मंडळींनी अशा वेळी म्हणायचे, मानाचे, जुने. त्यातला एकही आठवेना.

"उठा," तो म्हणाला. "दुसरी घंटा होईल."

चर्चला ते वेळेत पोचले नाहीत, पण त्यांच्या आधी पेपे पोचली होती. त्यामुळे आत शिरताना काही सांगायची गरज पडली नाही. साडेतीनशे माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, माना वळवून बघत होती. एने बाबांना हाताला धरून पहिल्या बाकावर घेऊन गेला. लुपेसिना गायकवृंदासमोर उभी राहिली. टोपी वाकडी, पाठीवर खडीची धूळ. तिनं हात उंचावला आणि स्वर दिला, तो नेहमीपेक्षा इतका वर की सुरुवातीलाच पुरुषांच्या ओळीतला एक जण खोकत खाली बसला. पण आता मागे फिरायचं कसं? चाळीस जणांनी ते गाणं तिथूनच म्हटलं, नसा ताणून. शेवटच्या कडव्याला बायकांच्या ओळीत कोणीतरी फिसकलं. ते पसरलं. लुपेसिना स्वतःच तोंडावर हात धरून उभी होती, आणि तिचे खांदे हलत होते.

पेनाया व्यासपीठावर चढला. चौदा पानं समोर ठेवली. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: पुनरुत्थान या शब्दाचे तीन अर्थ. त्यानं ते वाचलं, स्वतःशी मान हलवली आणि पानं मिटली.

"बातमी आहे," तो म्हणाला.

आवाज कापरा होता. त्यानं पुन्हा सुरुवात केली.

"बातमी अशी. ज्याला आपण मारलं, तो उठलाय. आपणच खिळे ठोकले, आपणच पळून गेलो, दारं लावून बसलो. तो तिसऱ्या दिवशी उठला आणि पहिल्यांदा आपल्याकडेच आला. जाब विचारला नाही. म्हणाला, भिऊ नका. जे काही झालं होतं ते त्यानं आपल्या अंगावर घेऊन संपवलंय. आपण इथे बसून अजून विचार करतोय, कसं भरून द्यायचं, काय तोंडानं जायचं. अहो, संपलंय ते. तुम्हाला कळायच्या आधीच संपलंय."

चर्चमध्ये कोणी पंखासुद्धा हलवत नव्हतं.

"ही बातमी सगळ्यात आधी बायकांना सांगितली गेली. जा आणि सांगा, असं त्यांना म्हटलं होतं. तर त्या घाबरल्या. काही वेळ कोणालाच काही बोलल्या नाहीत." त्यानं मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं, गायकवृंदाकडे नाही. "माझ्या मनात यायचं, अशा बायकांवर एवढं काम का टाकलं? आज वाटतं, बरं झालं. त्या गप्प राहिल्या म्हणून बातमी शिळी झाली नाही. सांगितली तेव्हा ती तेवढीच ताजी होती. बस. आमेन."

लोक वाट बघत बसले. पेनाया खाली उतरायला लागला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की संपलं. चार मिनिटं. वाइमोआच्या इतिहासात असं झालं नव्हतं. एका वडीलधाऱ्यानं घड्याळ कानाला लावून बघितलं. पहिल्या बाकावर आसोरांनी हात पुढे केला आणि मुलाचं मनगट पकडलं.

"आज धावलास," ते म्हणाले.

*

चर्चबाहेर नुसता गोंधळ उडाला होता. भट्टी उघडायला अजून तास होता, डुक्कर कच्चं, आणि साडेतीनशे माणसं मोकळी! कोणाला काय करावं कळत नव्हतं, म्हणून सगळेच एकमेकांना मिठ्या मारत होते. एनेला तर गावानं वाटूनच घेतलं होतं. शाळेतला मित्र त्याला उचलायचा प्रयत्न करत होता आणि जमत नव्हतं. बाबा फणसाच्या झाडाखाली खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "हा माझा धाकटा." जणू कोणी ओळखतच नव्हतं.

लुपेसिना चर्चच्या मागच्या पायरीवर गेली. तिथे आवाज जरा कमी होता. एनेकडून तिनं त्याचा फोन मागून घेतला होता. तो म्हणाला होता, "ताई, ती उचलणार नाही." ती म्हणाली, "तुझ्या नावानं येतोय, उचलेल."

उचलला. "पोचलास? काय म्हणाले?"

"मोमोए," लुपेसिना म्हणाली. "मी लुपेसिना. एनेची बहीण."

पलीकडचा आवाज कोरडा झाला. मग, "माहितीये तुम्ही कोण ते."

"तो बरा आहे. बाबांजवळ आहे. लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं ठरवलंय, पण त्याचं वजन बघता..." ती थांबली. हसू येत होतं आणि नाकातून पाणी येत होतं, आणि टोपी डोळ्यांवर घसरत होती. तिनं टोपी काढून बाजूला ठेवली. "मोमोए, तुझ्या सासऱ्यांचा तुम्हा सगळ्यांना निरोप आहे. माझ्याकडे दिला होता. मी दाबून ठेवला. चूक माझी, बाबांची नाही. तू मला काय वाटेल ते बोल, मी ऐकेन. पण आधी निरोप ऐक."

"ताई," मोमोए म्हणाली. आवाज अजून कोरडा होता, पण ताई म्हणाली. "तुम्ही रडताय की हसताय?"

"मलाच कळत नाहीये गं. सांगू?"

"सांगा."

लुपेसिनानं चारही वाक्यं सांगितली. एकही शब्द गाळला नाही. शेवटचं "ये" म्हणून झाल्यावर पलीकडे श्वास ऐकू आला, आणि त्याच्या मागे एक बारीक आवाज: "आई, कोण आहे? आई, का रडतेस? कोण आहे गं?"

"आत्या," मोमोए म्हणाली. "सावाईची आत्या."

"काय म्हणतेय ती?"

लुपेसिना पायरीवरून उठून उभी राहिली. "तिला दे फोन," ती म्हणाली. "तिलाही सांगते. पहिल्यापासून सांगते."